छोट्या गाड्यांतली माणसे

नवी मुंबईत खारघर, उलवे किंवा पाम बीच रस्त्यालगतच्या बिल्डरच्या विक्री कार्यालयात गेलात, तर काचेच्या पेटीतले इमारतीचे मॉडेल तुम्हाला दिसतेच. झाडे, दिवे, पोहण्याचा तलाव सगळे जागच्या जागी असते. पार्किंगमध्ये आणि रस्त्यावर गाड्याही ओळीने लावलेल्या असतात. पण रस्त्याच्या मधोमध धावती दाखवलेली गाडीसुद्धा रिकामीच असते, चाकामागे कोणी नसते. घरोघरच्या शोकेसमधल्या डायकास्ट गाड्या, संग्रहालयांतल्या ट्राम आणि बसगाड्या, एसटीप्रेमी तरुणांनी सनबोर्ड कापून हाताने बनवलेल्या लालपऱ्या पाहिल्या, तरी बहुतेक ठिकाणी हेच आढळते. रंग, पाट्या, चाकांचे नटबोल्ट यांवर महिनोन् महिने मेहनत घेतलेली असते, आणि गाडी मात्र ओसाड.

मॉडेलच्या गाडीत प्रमाणातली माणसे बसवणे हा छंदाचा एक बारीकसा कोपरा वाटेल. माझ्या मते तो या कलेचा गाभा आहे. रिकामी गाडी प्रमाणाच्या बाबतीत बऱ्याच चुका झाकून नेते. माणूस आत बसला की छप्पर किती बुटके, आसन किती उंच, दार किती अरुंद, हे सगळे उघड होते, कारण माणसाचे माप प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेले असते. दुसरे कारण आपल्या इकडचे आहे. आपली वाहने त्यांतल्या माणसांवरून ओळखली जातात. कंडक्टरशिवाय एसटी किंवा दारातल्या गर्दीशिवाय लोकल आपल्याला अर्धीच वाटते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास, गणित, कारागिरी, साहित्य आणि बाजार अशा सगळ्या अंगांनी आढावा घ्यायला हवा.

दायमाबादचा सारथी

या कामाचा अतिशय जुना आणि अतिशय सुंदर नमुना महाराष्ट्रातलाच आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ उत्तर हडप्पा म्हणजे इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास मानतात. धातूच्या रासायनिक घटकांवरून काहींनी त्यावर शंकाही घेतली आहे.

रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात उभा असलेला सारथी १६ सेंटिमीटर उंच आहे. आता हिशेब करा. माणूस १६० सेंटिमीटरचा धरला तर प्रमाण १:१० येते. त्या प्रमाणात ४५ सेंटिमीटरचा रथ साडेचार मीटरचा होतो. बैलजोडीसह हलक्या रथाला ही लांबी अगदी पटण्यासारखी आहे. त्या कारागिराने मनात प्रमाण धरले होते की नाही, हे ठरवायला काही साधन नाही. पण गाडी आणि माणूस एकमेकांच्या मापाचे हवेत याची जाण त्याच्या हातात होती, हे मापेच सांगतात. सारथी रथाला चिकटवल्यासारखा दिसत नाही, तो रथ हाकतो आहे असे दिसते. पुढच्या चार हजार वर्षांत या कामाची कसोटी बदललेली नाही.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात मात्र वेगळा नियम चालतो. सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यापेक्षा उंच असतात आणि मावळे बुरुजाएवढे. तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो, आणि ती आपली स्वतंत्र, मान्य परंपरा आहे. वाहनाच्या मॉडेलमध्ये ती सूट मिळत नाही, कारण दरवाज्यातून माणूस आत जाताना दिसायला हवा.

पाश्चात्त्य कारखान्यांनी काय केले

औद्योगिक खेळण्यांच्या जगात माणूस बसवण्याची अडचण पहिल्यापासून होती. लंडनच्या लेस्नी कंपनीने ब्रिटिश राजघराण्याच्या राज्याभिषेकाच्या रथाचे धातूचे मॉडेल आखले, तेव्हा आत राजा आणि राणी अशा दोन आकृत्या होत्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये सहावा जॉर्ज वारला. रथात आता एकटी राणी हवी होती. नवा साचा करणे महाग, म्हणून राजाची आकृती साच्यातच कमरेपासून वर काढून टाकली गेली. त्या मोठ्या रथात राणीच्या शेजारी राजाचे पाय तसेच राहिले. १९५३ मध्ये याच रथाची छोटी आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली, आणि त्या पैशातून मॅचबॉक्स गाड्यांची मालिका उभी राहिली. आकृती गाडीच्या साच्यातच ओतली तर ती नंतर बदलता येत नाही, हा धडा त्या पायांत आहे.

१९६५ मध्ये कॉर्गी कंपनीने जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन आणली. बटण दाबले की छप्पर उघडून शेजारच्या आसनावरचा माणूस उडून बाहेर पडे. इथे आकृती सुटी होती. तिच्यासाठी जागा, वाट आणि आसन मुद्दाम आखले होते.

रेल्वेच्या मॉडेलांसाठी जर्मनीत १९४९ मध्ये प्रायझर ही कंपनी निघाली आणि तिने बोटाच्या पेराहून लहान माणसांचा धंदाच उभा केला. उभी, बसलेली, सामान उचलणारी, वाट पाहणारी. जपानच्या तामियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरला. मागाहून मोजले तर प्रमाण १:३५ च्या जवळ आले, आणि आज जगभरचे बरेचसे लष्करी मॉडेलकार त्याच प्रमाणात काम करतात. त्या प्रमाणात माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो, चेहऱ्यावर भाव रंगवता येतील इतका मोठा. बॅटरीच्या मापाने ठरलेल्या त्या प्रमाणामुळे आकृत्यांची एक स्वतंत्र कला बहरली.

मापांचे गणित

भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर धरू. १:१६० या प्रमाणात तो दहा मिलिमीटरचा होतो, १:८७ मध्ये १९, १:६४ मध्ये २६, १:४३ मध्ये ३८, १:२४ मध्ये ६९ आणि १:१८ मध्ये ९२ मिलिमीटरचा. बसल्यावर आसनापासून डोक्यापर्यंतची उंची साधारण निम्म्याहून थोडी जास्त भरते. म्हणजे १:४३ मध्ये २० मिलिमीटर, १:२४ मध्ये ३६, १:१८ मध्ये ४८. गाडीत माणूस मावेल की नाही हे या दुसऱ्या मापावरून ठरते. विकत आणलेल्या आकृतीच्या पाकिटावर उभ्या माणसाची उंची लिहिलेली असते, बसलेल्याची नसते. म्हणून आकृती घेण्याआधी आसनापासून छतापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे.

बाहेरच्या आकृत्या १७५ ते १८० सेंटिमीटरचा माणूस धरून बनवलेल्या असतात. १:८७ मध्ये हा फरक एक-दीड मिलिमीटरचा, डोळ्यांना जाणवत नाही. १:१८ मध्ये तोच पाच ते आठ मिलिमीटर होतो आणि डोके छताला टेकते. भारतीय शरीराची मापे हवी असतील तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले देबकुमार चक्रवर्ती यांचे मानवमितीवरचे पुस्तक आहे. बसलेल्या स्थितीतली, हात पुढे पोहोचण्याची, गुडघ्याच्या उंचीची मापे त्यात मिळतात. ते फर्निचर आणि यंत्रे आखणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे, पण मॉडेलकाराला त्याहून उपयोगी पुस्तक आपल्याकडे क्वचित सापडेल.

गाडीचे प्रमाणही तपासून घ्यावे लागते. हॉट व्हील्ससारख्या गाड्यांवर १:६४ असे सर्रास म्हटले जाते, पण त्या सगळ्या सात-साडेसात सेंटिमीटरच्या ठरावीक डबीत बसाव्यात म्हणून लहानमोठ्या केलेल्या असतात. मोठा ट्रक आणि छोटी मोटार जवळपास सारख्याच लांबीच्या निघतात. अशा ट्रकमध्ये १:६४ चा माणूस राक्षसासारखा दिसतो. खऱ्या गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये शोधून तिला मॉडेलच्या लांबीने भागावे. येईल तो आकडाच खरा.

माणूस मावत का नाही

हिशेब जुळला तरी आकृती आत बसत नाही, हा अनुभव प्रत्येकाला येतो. त्याचे कारण पत्र्याच्या जाडीत आहे. खऱ्या मोटारीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचाही नसतो. मॉडेलचे छप्पर दीड मिलिमीटरचे असले, तर १:६४ मध्ये ते साडेनऊ सेंटिमीटर जाड झाले, म्हणजे खऱ्या गाडीत डोक्यावर जेवढी मोकळी जागा असते तेवढीच ते खाऊन टाकते. त्यात खाली मागे ओढून सोडायच्या मोटरची पेटी, स्क्रूचे खांब आणि आसनांसाठी एकसंध ओतलेला जाड तुकडा. गाडीचा तळ वर येतो, छप्पर खाली येते आणि मधला माणूस चेपला जातो.

यावर चार उपाय आहेत आणि बहुतेक वेळा ते मिळून वापरावे लागतात. आसनाची गादी कानस किंवा पॉलिश पेपरने घासून एक-दोन मिलिमीटर खाली नेणे हा पहिला. आकृतीचा बुडाखालचा भाग सपाट कापणे हा दुसरा. खिडकीच्या खालच्या कडेखाली काही दिसत नसेल, तर पाय पूर्ण काढून टाकणे हा तिसरा. दार उघडत नसलेल्या बंद मोटारीत कमरेपर्यंतचा माणूस पुरतो. चौथा उपाय छप्पर आतून घासण्याचा. प्लॅस्टिकमध्ये ते जमते, धातूत त्रास होतो.

मात्र रिक्षा, बैलगाडी, उघडी जीप, टांगा, ट्रॅक्टर यांत यांपैकी एकही पळवाट चालत नाही. तिथे माणूस पायाच्या नखापर्यंत दिसतो. म्हणून हौशी लोक बंद गाडीपासून सुरुवात करतात, आणि खरी परीक्षा उघड्या वाहनावर होते.

रिक्षावाला जवळून पाहू

१:२४ प्रमाणात तीनचाकी रिक्षा सुमारे अकरा सेंटिमीटरची होते. तिच्यात बाहेरून आणलेली चालकाची आकृती बसवायची म्हटली की पहिला खोळंबा हातांचा. मोटारचालकाचे हात गोल चाकावर समोर असतात. रिक्षाचे हँडल स्कूटरसारखे असते, त्यामुळे दोन्ही कोपरे बाहेर पडतात आणि मनगटे खाली झुकतात. दोन्ही हात खांद्यापासून कापून पुन्हा जोडावे लागतात. दुसरी गोष्ट पाठ. रिक्षावाला टेकून बसत नाही. तो किंचित पुढे आणि बऱ्याचदा एका कडेला बसलेला असतो. उजवा पाय ब्रेकवर, डावा गुडघा बाहेरच्या बाजूला. तिसरी गोष्ट मान. आमच्या वाशी किंवा नेरूळ स्टेशनबाहेर ओळीत उभा रिक्षावाला समोर बघत नाही, त्याची मान जिन्यावरून उतरणाऱ्या प्रवाशांकडे वळलेली असते. मान वीसेक अंशांनी वळवली की आकृती एकदम जिवंत होते. नंतर खाकी शर्ट, वरचे बटण उघडे, गळ्यावर रुमाल. हँडलजवळ झेंडूच्या माळेचा ठिपका.

हात कापून जोडताना खांद्यात अर्धा मिलिमीटरचे छिद्र पाडून तांब्याची बारीक तार घालावी आणि सांधा एम-सीलने भरावा. एम-सील काळपट आणि जरा भरड असते, बोटे आणि चेहऱ्यासाठी ते चालत नाही, पण खांदा, शर्टाची घडी, मांडीचा भराव यासाठी उत्तम. हाताला पाणी लावून ते चेपले की बोटांना चिकटत नाही.

उजव्या हाताची गाडी

बाहेरच्या आकृत्यांत आणखी एक अडचण दडलेली आहे. अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात चालक डावीकडे बसतो, त्यामुळे आकृतीचा उजवा हात गिअरवर आणि डावा हात खिडकीवर टेकलेला असतो. आपल्याकडे तो उजवीकडे बसतो, गिअर डाव्या हाताला. अशी आकृती तशीच उचलून उजव्या आसनावर ठेवली, की चालक दारातून बाहेर गिअर शोधत असल्यासारखा दिसतो. इंग्लंड आणि जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या रस्त्यांसाठी बनवलेल्या चालकाच्या आकृत्या आपल्याला जास्त जवळच्या.

रेल्वेत हाच प्रश्न रुंदीच्या रूपाने येतो. १:८७ प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात, आणि ते १४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित गेजला अचूक बसतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची मेट्रो प्रमाणित गेजवर धावते. त्यामुळे मेट्रोचे मॉडेल बाजारातल्या रुळांवर तंतोतंत उतरते, वाशी-पनवेलची लोकल मात्र उतरत नाही.

लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, म्हणजे १:८७ मध्ये ४२ मिलिमीटर. युरोपातला डबा याहून बराच अरुंद. तिकडच्या डब्याची आतली मांडणी घेतली तर दोन-दोन आसनांच्या रांगा मिळतात. आपल्या दुसऱ्या वर्गात तीन-तीनची बाके असतात, आणि तिसऱ्याच्या पुढे अर्ध्या मांडीवर टेकलेला चौथा माणूस असतो. ही ‘चौथी सीट’ कोणत्याही परदेशी पाकिटात मिळणार नाही. एक पाय मार्गिकेत, अंग बाहेरच्या बाजूला कललेले, एक हात समोरच्या बाकाच्या पाठीवर. बसलेल्या आकृतीची एक मांडी तिरपी कापून ती बनवावी लागते. डब्यात असे दोन-तीन प्रवासी बसवले तरी पाहणारा लगेच ओळखतो की ही आपली लोकल.

वेश, रंग, चेहरा

परदेशी आकृत्यांवर कोट, हॅट, फ्रॉक असतो. यातला पुरुष आपल्याकडचा करणे सोपे. कोटाचे फाटे घासून काढले की तो शर्ट होतो, हॅटचा काठ कापून टोक काढले की गांधी टोपी. नऊवारीतली कोळीण, पाचवारीत पदर खोचून दुचाकीवर एका बाजूला बसलेली बाई, सलवार-कमीजमधली कॉलेजची मुलगी, बुरख्यातली स्त्री यांना मात्र नव्याने घडवावे लागते. पदरासाठी टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून आकृतीवर अंथरावा. वाळला की त्याच्या चुण्या पक्क्या होतात आणि रंग चढतो. प्लॅस्टिकवर कोरलेल्या पदरापेक्षा हा पदर कितीतरी खरा दिसतो.

त्वचेच्या रंगावर जास्त विचार करायला हवा. ‘फ्लेश’ या नावाने मिळणारा तयार रंग गुलाबी असतो. आपल्या माणसांसाठी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मिसळून मूळ रंग करावा, त्यात थोडा पांढरा किंवा बर्न्ट अंबर घालून प्रत्येक चेहऱ्याला वेगळी छटा द्यावी. सगळ्या प्रवाशांना एकच छटा दिली तर बस नकली दिसते. रंग मॅटच हवा. चकाकी आली की माणूस लगेच प्लॅस्टिकचा वाटतो. १:४३ पेक्षा लहान आकृतीत डोळे रंगवण्याचा मोह टाळावा, कारण एका मिलिमीटरपेक्षा लहान जागेत पांढऱ्या ठिपक्याने डोळा वटारलेला दिसतो. भुवईची सावली आणि मिशीची रेघ पुरते.

डिंक आणि पावसाळा

आकृती बसवण्यासाठी गाडी उघडताना स्क्रू असतील तर प्रश्न नाही. डायकास्ट गाड्यांना खालून रिबीट ठोकलेला असतो. तो तीन-साडेतीन मिलिमीटरच्या बिटाने हळू ड्रिल करून काढावा आणि जोडताना त्या खांबात छोटा स्क्रू बसवावा, म्हणजे पुढच्या वेळी गाडी सहज उघडते.

आत आकृती चिकटवताना फेविक्विकचा मोह होतो. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून आसपासच्या पृष्ठभागावर पांढरी धूळ होऊन बसते, आणि गाडीची पारदर्शक काच कायमची धुरकट होते. बंद गाडीत ही वाफ आतच अडकते. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या आमच्या नवी मुंबईत हवेतला ओलावा इतका असतो, की हा त्रास दुप्पट. आतल्या कामासाठी फेविकॉल किंवा दोन भागांचे इपॉक्सी वापरावे. वाळायला वेळ लागतो, पण काच स्वच्छ राहते आणि मधल्या वेळात माणसाची बैठक सरळ करता येते. स्प्रेचा रंगही पावसाळ्यात पांढुरका पडतो. आकृत्या रंगवायचे मोठे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत घ्यावे, पावसाळ्यात कापणे आणि घडवणे उरकावे.

गर्दी भरायची तर

एका गाडीत एक चालक बसवणे ही एक गोष्ट, आणि बस किंवा डबा भरणे ही दुसरी. अकरा मीटरची एसटी १:२४ मध्ये ४६ सेंटिमीटरची होते आणि तिच्यात चाळीसहून अधिक आसने असतात. इतक्या आकृत्या विकत आणणे खिशाला परवडत नाही आणि प्रत्येक रंगवणे वेळेला. इथे दिसणाऱ्याचाच विचार करावा. खिडकीलगतचे प्रवासी, चालक, दाराजवळचा कंडक्टर हे नीट रंगवलेले. मार्गिकेच्या बाजूचे कमरेपर्यंतचे, दोन रंगांत उरकलेले. मधले नुसते डोके आणि खांदे. पाहणाऱ्याच्या नजरेला बस भरलेली वाटते.

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून चालू असलेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात छोटे शहरच उभे केले आहे. तिथे लक्ष देऊन बघितले तर कळते की फलाट, सर्कस, पोहण्याचा तलाव इथली माणसे धावत्या गाडीलाही जिवंत करतात. गाडीत थोडी आणि गाडीभोवती बरीच, ही मांडणी घरच्या मॉडेललाही लागू पडते. मुंबईत आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्राम आणि दुमजली बसची मॉडेल्स आहेत. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली, सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेलच्या दुमजली बसही गेल्या. त्या ट्रामच्या पायरीवर उभा कंडक्टर कसा उभा राही, दुमजलीच्या वरच्या मजल्यावर पुढच्या आसनासाठी मुले कशी धावत, हे पुढच्या पिढीला वाहनाच्या आकारावरून कळणार नाही. ते माणसांवरून कळेल.

बाजार आणि कर

चांगल्या आकृत्या मुख्यतः जर्मनी, जपान, चीन आणि इंग्लंडहून येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच आमच्याच शेजारी न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरतात. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळणी आणि छंदासाठीची प्रमाणबद्ध मॉडेल्स एकाच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्रही सक्तीचे झाले. देशी खेळणी उद्योगाला आधार आणि मुलांची सुरक्षितता हे हेतू योग्यच आहेत. छंद जोपासणाऱ्याला मात्र दोन सेंटिमीटरच्या चालकासाठी बरीच किंमत मोजावी लागते, आणि हाती येतो तो कोटातला साहेब.

म्हणून त्रिमितीय छपाईकडे अनेक जण वळले आहेत. द्रव रेझिनवर चालणारा छोटा प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचे थर देतो आणि १:४३ ची आकृतीही नीट निघते. मेकह्यूमन आणि ब्लेंडर ही मोफत सॉफ्टवेअर वापरून हव्या त्या उंचीचा माणूस हव्या त्या बैठकीत बसवता येतो. आधी गाडीच्या आतले माप घेऊन आकृती त्या मापाची आखता येते, हा सर्वांत मोठा फायदा. पण प्रमाण कमी करताना बोटे, चष्म्याच्या काड्या, टोपीचा काठ इतके बारीक होतात की हात लागताच तुटतात. अशा जागा मुद्दाम जाड कराव्या लागतात. कच्चे रेझिन त्वचेला आणि श्वसनाला घातक असते. हातमोजे आणि हवेशीर जागा हवी, एका खोलीच्या घरात हे काम करू नये. आणि संगणकावर घडवलेला माणूस बहुधा अति सरळ बसतो. त्याच्या पाठीला पोक देणे, खांदा उतरवणे हे डोळस कारागिराचेच काम राहते.

पेणच्या हाताची गरज

इथेच मला सर्वांत मोठी संधी दिसते. नवी मुंबईहून तास-दीड तासावर पेण आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या गणपती घडतात. शाडूत मूळ मूर्ती घडवायची, तिच्यावर रबराचा साचा घ्यायचा, ओतायचे, फिनिशिंग करायचे आणि शेवटी डोळ्यांची आखणी. प्रमाणबद्ध आकृत्यांच्या जगातली पद्धतही हीच आहे. मूळ आकृती, सिलिकॉन रबराचा साचा, रेझिनचे ओतकाम आणि बारीक रंगकाम. फरक आकाराचा आणि मापाच्या शिस्तीचा. आखणी करणाऱ्या हाताला सहा सेंटिमीटरच्या माणसाचा चेहरा अवघड नाही. गणेशोत्सवानंतरच्या महिन्यांत त्या हातांना जोडकामही हवे असते.

शहराच्या बाजूने पाहिले तर नवी मुंबईच आधी कागदावर आणि मॉडेलमध्ये उभी राहिली. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६० च्या दशकात या जुळ्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. इथल्या वास्तुविशारदांच्या आणि बिल्डरांच्या कार्यालयांना आजही सतत मॉडेल्स लागतात. १:१०० च्या मॉडेलमध्ये माणूस साडेसोळा मिलिमीटरचा असतो. तो बाहेरचा पांढरा पुतळा का असावा? त्या रस्त्यावर रिक्षा, एनएमएमटीची बस आणि तिच्यात माणसे असली, तर घर घेणाऱ्याला रस्ता किती रुंद आहे याचाही खरा अंदाज येईल. मागणी इथे आहे, हात पेणला आहेत, मापे छापलेली आहेत आणि छपाईचे यंत्र परवडू लागले आहे.

सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. एक छोटा संच पुरे. रिक्षावाला, बसचा चालक, पिशवी आणि तिकिटांचे यंत्र घेतलेला कंडक्टर, मोटरमन, चौथ्या सीटवरचा प्रवासी, मालडब्यातली पाटीवाली कोळीण, पांढऱ्या टोपीतला डबेवाला, दुचाकीवर एका बाजूला बसलेली साडीतली बाई. १:८७, १:४३ आणि १:२४ ही तीन प्रमाणे. प्रत्येक आकृती भारतीय मापांवर बेतलेली, हात सुटे, पाय कापता येतील असे, कारण प्रत्येक गाडीची जागा वेगळी. एखाद्या कला महाविद्यालयाने, संग्रहालयाने किंवा छंदप्रेमींच्या मंडळाने पेणच्या एका कारखान्याबरोबर बसून हा संच घडवला, तर तो शाळांच्या प्रकल्पांना, गणपतीच्या देखाव्यांना, बिल्डरांच्या मॉडेलांना आणि आम्हा हौशी मंडळींना सारखाच उपयोगी पडेल. शाडूचा गोळा आणि मोजपट्टी घेऊन पहिली आकृती येत्या दिवाळीनंतर करता येईल. माझी विनंती आहे की ती रिक्षावाल्याचीच असावी, कारण उघड्या गाडीत काही लपवता येत नाही आणि तो जमला की बाकीचे सगळे जमतील.